अनवाणी कॅप्टन

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं काही खरं नव्हतं, आणि हे मला सोडून सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. ठाऊक मलाही होतं म्हणा, पण मी कॅप्टन होतो, आणि कॅप्टनने असलं काही तोंडातून काढायचं नसतं असा माझा तेव्हा समज होता. गोलकीपर बी.ए. होऊन पोलिसात गेला. दोन्ही बॅक एकदम पास झाले. आदली तीन वर्षं ज्यांना एक पेपर धड सुटला नव्हता, त्यांना नेमकी त्याच वर्षी सरस्वती प्रसन्न व्हायची होती. लेफ्ट आउटचं लग्न झालं नि चार महिन्यांत तो असा सुटला की त्याला धावताना बघून आम्हालाच धाप लागे. उरलो मी, सेंटर हाफला, आणि सेंटर फॉरवर्डला निमगाव केतकीचा किसन. बाकी सगळी नवी भरती, चेंडू अंगावर आला की पाठ करणारी. पावसाळा लागला की स्पर्धा सुरू. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्यानंतर मी तांब्याच्या पत्र्यावर हातोडा मारत बसणार हे घरात ठरलेलं होतं, म्हणजे जे काय खेळायचं नि जिंकायचं ते याच एका मोसमात.

आमचं घर बारामतीच्या तांबट आळीत. खाली दुकान, मागे भट्टी, वर दोन खोल्या. वैशाखातली लग्नसराई ही आमची सुगी. हंडे, घागरी, बंब, पराती. उजाडायच्या आत जी ठोकाठोकी सुरू होई ती दिवे लागेपर्यंत. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान त्या ठोक्यांनी केव्हाच गेले होते. ते ओरडून बोलत, आणि आपण ओरडल्याशिवाय त्यांना काही पोहोचत नसे, त्यामुळे आमच्या घरात खासगी असं काही नव्हतंच. आई 'मीठ संपलं' म्हणाली तरी कोपऱ्यावरच्या वाण्याला कळायचं. ही सवय माझी अजून गेलेली नाही. नातवंडं म्हणतात, आजोबा, फोनवर एवढं ओरडू नका, शेजाऱ्यांना भांडण वाटतं. सकाळी आम्हाला हुलग्याचं माडगं, दुपारी ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा नि मोठं भांडंभर ताक. मी ताटावर बसलो की दादांचा रोजचा प्रश्न ठरलेला: "चेंडवाला लाथ मारून कुनाचं प्वाट भरलंय रं आजवर?" हा प्रश्न आळीतल्या सगळ्या घरांत ऐकू जाई, आणि दोन घरांतून हसू ऐकू येई. मी मान खाली घालून भाकरी मोडायचो. उत्तर द्यायचं तर तेही ओरडूनच द्यावं लागलं असतं.

पण माझं खरं दुखणं दादा नव्हतेच. दुखणं होतं बूट. आदल्या वर्षापर्यंत आमच्यातले निम्मे लोक अनवाणी खेळत. मग एका पलटणीच्या टीमशी सामना झाला, त्यांच्या बुटाखाली आमच्या एका गड्याच्या पायाची दोन बोटं चेचली, आणि स्पर्धावाल्यांनी फर्मान काढलं की यापुढे बुटाशिवाय कोणी मैदानात उतरायचं नाही. सुट्टीला निघताना जिमखान्याच्या सरांनी माझ्या हातात बुटांचे दोन जोड ठेवले. एक माझा, एक किसनसाठी. म्हणाले, "किसन बुटात आला तर आपण एखादी फेरी तरी मारू. नाही आला, तर टीम उतरवण्यात अर्थ नाही. आता हे तुझं काम." किसनला होस्टेलवर विचारलं तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आईला इचार." त्याच्या आईनं तो लहान असताना नवस बोलला होता, बारा वर्षं पोराच्या पायात काही घालणार नाही म्हणून. त्यातलं दीड वर्ष अजून शिल्लक होतं. हा पठ्ठ्या पुण्याच्या रस्त्यांवरून, भर थंडीत, कॉलेजच्या फरशीवर, सगळीकडे अनवाणी फिरे. आणि मैदानावर उतरला की त्याच पायांनी चेंडू असा घेऊन जाई की समोरच्याला वाटावं चेंडू त्याच्या अंगठ्याला बांधलाय.

तर किसनचे बूट घेऊन मी सर्व्हिस मोटारीनं निमगावला गेलो. किसनच्या घरचा पानमळा होता. विड्याच्या पानांचे वेल शेवरीच्या उंच झाडांवर चढवलेले, आत गारवा, ओल, पाटाच्या पाण्याची झुळझुळ. बाहेर वैशाख पेटलेला नि आत आषाढ. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. मळा म्हणजे देऊळच. मी बाहेर वहाणा काढून आत गेलो. किसनची आई, पारूमावशी, वेल बांधत होती. वाळकी, उंच, कपाळाला मोठं कुंकू नव्हे, गोंदण. नवरा किसन पाळण्यात असतानाच गेलेला. मी माझं भाषण पाठ करून आलो होतो. स्पर्धा, कॉलेजचं नाव, किसनचं नाव, पुढे नोकरीलाही त्याचा उपयोग, सगळं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. हातातला वेल बांधून पुरा केला आणि म्हणाली, "किसन्याच्या आदी दोन ल्येकरं गेली माजी. ह्याला मुदतीचा ताप आला तवा एकवीस दिस म्यां ह्या मांडीवर धरला व्हता. भैरोबाला बोलले, हे एक ऱ्हाऊ दे. त्यानं ऱ्हाऊ दिलं. आता लाथाबुक्क्याच्या खेळापायी मी त्येला दगा दिऊ व्हय?"

"मावशी, देव काय दीड वर्षावरून रागावतोय?"

"तुजं दोन गेल्यात का रं?" ती म्हणाली. रागानं नाही, सरळ चौकशी केल्यासारखी.

किसन तिथंच उभा. त्यानं एक शब्द काढला असता तर! पण नाही. तो पानांची चवड लावत बसला होता. त्या दोन तासांत मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. शेवटी मावशीलाच माझी कीव आली असावी. म्हणाली, "चल, कौल लावू. त्यो काय म्हनतोय बगू." गावाबाहेर भैरोबाचं बैठं देऊळ होतं. सखाराम गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचं होय, डावी पडली तर नाही. किसनला बूट घालू द्यावे का, असं विचारलं नि आम्ही सगळे त्या पाकळ्यांकडे बघत बसलो. गाभाऱ्यात उकाडा, तेलाचा वास. मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी, आणि माझ्या टीमचं भवितव्य दोन पाकळ्यांना चिकटलेलं! पाव तासानं डावी पडली.

मी उठलोच. पण गुरव भला माणूस. म्हणाला, "न्हाय म्हनला खरा, पन वाट हाय. दुसऱ्या कुनी हे उरल्यालं दीड वरीस उचललं, त्याच्या जागी अनवानी ऱ्हायला, तर देव मोकळा करतोय."

"मी ऱ्हाते की," मावशी पटकन म्हणाली.

"तुज्या पायात कवा काय व्हतं, म्हनून सोडशील?" गुरव म्हणाला. "पायताण घालनारं मानूस पायजे."

गाभाऱ्यात गुरव, मावशी, किसन आणि मी. तिघंही वळून देवळाच्या पायरीकडे बघायला लागले. पायरीवर माझ्या वहाणा होत्या. संध्याकाळची मोटार चुकायची वेळ झालेली, पोटात सकाळच्या माडग्याखेरीज काही नाही, डोकं असं तापलेलं की मी जो ओरडलो तो अगदी आमच्या आळीतल्यासारखा: "मी राहतो! घ्या! दीड वर्ष काय, दोन वर्षं राहतो अनवाणी, पण किसनला सोडा!" शब्द तोंडातून निघायचा अवकाश, गुरवानं माझ्या हातावर भंडारा ठेवला, पुन्हा पाकळ्या लावल्या, आणि उजवी अशी तडक पडली जणू ती वाटच बघत होती. मावशीनं डोळ्याला पदर लावला. मीही जरा फुगलोच. वाटलं, कॅप्टन म्हणजे असा असावा.

मोटारीच्या थांब्यापर्यंत किसन सोडायला आला. त्याचे बूट त्याच्या काखेत, माझ्या वहाणा माझ्या हातात, पायाखाली तापलेला फुफाटा. मी मोटारीत चढलो तेव्हा तो खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "पन आरं दत्तू, तू खेळायला बूट कसं घालनार?"

मोटार सुरू झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. लोकांचं तेल जातं, तूप जातं, हाती धुपाटणं तरी उरतं. माझ्या हातात वहाणा उरल्या, नि त्या घालायची सोय नाही. किसनला टीममध्ये आणायच्या नादात मी स्वतःला टीममधून काढून आलो होतो. एवढी साधी गोष्ट तर्कशास्त्र शिकणाऱ्या मला कळू नये, आणि सुट्टीत पानं खुडणाऱ्या पोराला कळावी! आणि कळली होती तर गाभाऱ्यात का नाही बोलला, गाढव?

घरी सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलो, म्हणजे आळीला कळलं. दादा पोट धरून हसले. आईनं मात्र मुकाट्यानं माझ्या वहाणा उचलून माळ्यावर टाकल्या. देवासमोर शब्द दिलास, आता संपलं, एवढंच म्हणाली. मी तर मनातून कधीच ठरवलं होतं की पुण्याला गेलो की बूट घालायचे. देव काय पुण्यापर्यंत बघायला येतोय? गावात आईच्या डोळ्यांदेखत अनवाणी, आणि भल्या पहाटे, ठोके सुरू व्हायच्या आत, पिशवीत बूट घालून कऱ्हेच्या कोरड्या पात्रात जायचं, तिथं बूट चढवून वाळूत धावायचं. सरांचे ते बूट लाकडासारखे कडक होते. चार दिवसांत दोन्ही टाचांना मोठे फोड आले, पाचव्या दिवशी ते फुटले.

बाजाराचा दिवस होता. मी दुकानात एका घागरीचा काठ घासत बसलो होतो, तेवढ्यात पानांची पाटी डोक्यावर घेऊन पारूमावशी दारात उभी. पानं घेऊन ती बारामतीच्या बाजाराला अधूनमधून येई म्हणे. मला ठाऊक नव्हतं. दादा ओरडले, "कोन पायजे?" तिनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या पायांकडे बघितलं. टाचेवरची सालं गेलेली, लाल मांस दिसत होतं. आयुष्यात तिच्या पायाला, तिच्या पोराच्या पायाला कधी चामडं लागलेलं नाही. बूट चावतो म्हणजे काय हे तिला कुठून कळणार? तिला वाटलं, शहरात राहणारं पोर, तापल्या वाटेनं चालून चालून भाजलं.

"आरं माज्या ल्येकरा," ती म्हणाली. आणि खाली बसून तिनं माझे पाय धरले. माझ्या आईच्या वयाची बाई! मी पाय ओढायला लागलो तर तिनं घट्ट धरून त्यावर डोकं टेकवलं. "म्यां तुला शेरातलं पोरगं म्हनून हिनवलं मनात. म्हनलं, ह्यो काय पाळतोय. रोज ईळभर जीव खालीवर व्हत व्हता, किसन्याला कायतर हुईल म्हनून. आता न्हाय. आता मी बिनघोर झोपंन." मग माझ्या आईकडून खोबरेल नि हळद मागून घेऊन तिनं आपल्या हातानं त्या टाचांना लावली. दुकानात ठोके थांबले होते. माझ्या तोंडून 'मावशी, हे बुटाचं आहे' हे चार शब्द निघाले असते तर! नाही निघाले. तिनं हळद लावली नि मी लावून घेतली. इतकी शरम मला त्यानंतर कधी वाटली नाही, आणि मी आयुष्यात शरम वाटण्यासारखं बरंच काही केलेलं आहे.

ती गेल्यावर मी बूट पिशवीत बांधले नि पिशवी पुण्याला सरांना परत द्यायची म्हणून बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं, टीमची यादी घातली, सेंटर हाफला एका नव्या पोराचं नाव टाकलं नि कारण दिलं की माझ्या पायाला इजा आहे. निदान ते खोटं नव्हतं.

आता सगळी मदार किसनवर. सुट्टी संपायच्या आठवड्यात इंदापूरच्या पोरांशी एक मैत्रीचा सामना ठरवला, किसनचे बूट अंगवळणी पडलेत का ते बघायला. मी इंदापूरला पोहोचलो तर किसन मैदानाच्या कडेला बसून बुटांकडे बघतोय. बूट कोरे करकरीत, टोकांना हळदीकुंकू. म्हटलं, "हे काय? रोज सराव कर म्हणून सांगितलं होतं ना?"

"आईनं देवळीत ठिवलं व्हतं," तो म्हणाला. "म्हनली, नवसाचं हायती, पैल्या खेळालाच घाल."

म्हणजे एकदाही घातलेले नव्हते! त्याचा पाय पुढे असा पसरट की बुटात जाईना. इंदापुरातल्या एका चांभाराकडून दोन्ही बाजूंनी चिरा पाडून घेतल्या तेव्हा कुठं पाय शिरला. आणि मग तो धावायला लागला. कसलं धावणं! चिखलातून पाय उपसत चालल्यासारखा एकेक पाऊल उचलून टाकत होता. चेंडू समोर आला की थांबून खाली बघे. कोणत्या पायाला लागला ते त्याला कळत नव्हतं. इंदापूरची पोरं, अर्धी शाळेतली, सगळी अनवाणी, त्याच्या दोन्ही बाजूंनी चेंडू घेऊन पळत होती नि हसत होती. मी कडेला उभा राहून घसा फोडत होतो. मला चेंडू दिसत होता, मोकळी जागा दिसत होती, कुठं पास द्यावा ते दिसत होतं, आणि मला आत पाऊल टाकता येत नव्हतं. ज्याला बूट घालता येतात त्याला खेळता येत नाही, नि ज्याला खेळता येतं त्याला बूट घालता येत नाहीत. असा घोळ जगात दुसऱ्या कुठल्या टीमनं घालून ठेवला असेल तर मला दाखवा.

कॉलेज सुरू झालं. मी वर्गात अनवाणी बसायला लागलो तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं मी चळवळीत शिरलो, आणि ते उगाच माझा मान ठेवायला लागले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मी किसनला रोज मैदानावर न्यायचो, ओरडायचो, दमवायचो. तो बिचारा नाही म्हणायचा नाही. पहिल्या सामन्याला पाऊस होता. आम्ही तीन शून्यानं हरलो. किसन चारदा पडला, आणि एकदा तर गोल समोर मोकळा असताना चेंडूच्या शेजारून लाथ मारून गेला. संपला मोसम. एका दुपारीत संपला. मी कडेला चिखलात उभा होतो नि मला कोणावर रागवावं तेही कळत नव्हतं, देवावर, सरांवर, स्पर्धावाल्यांवर की माझ्याच तोंडावर.

किसन येऊन शेजारी बसला. बूट काढले. पाय पांढरे पडलेले, सुजलेले. मग म्हणाला, "खेळाचं काय झालं ते आईनं कळवाया सांगितलंय. गुरवाकडनं वाचून घेनार हाय. माजं खरं वाटायचं न्हाय तिला, म्हनंल पोरगं गोड बोलतंय. तू लिव्ह. तुज्यावर तिचा इस्वास हाय."

त्या सबंध उन्हाळ्यात मी त्याच्यावर जेवढा चिडलो होतो तेवढा पुढं कोणावर चिडलो नसेन. पण त्या दिवशी ओरडायला घशात काही उरलेलं नव्हतं. खोलीवर जाऊन पोस्टकार्ड घेतलं. सौ. नाही, श्रीमती पारूबाईंस, साष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादानं आम्ही सामना जिंकलो. माझे पाय बरे आहेत. किसनने दोन गोल केले. मग मजकूर पुन्हा वाचून बघितला, जरा वेळ टाक तसाच धरून बसलो, आणि दोनाचे तीन केले.